पायलीचे लिटर किती?

‘दोन खंडी भात’ (म्हणजे टरफलासकटचा तांदूळ) असा उल्लेख जुन्या कागदात भेटला की त्याचे लिटर करावेसे वाटतात. अर्ध्या वाटेपर्यंत हिशेब सरळ जातो. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. देशावरच्या रूढ कोष्टकात पुढे बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. म्हणजे एका खंडीचे ९६० शेर. पण हा शेर केवढा?

इथे गाडी अडते, कारण शेर दोन होते. वजनाचा शेर पुढे ८० तोळ्यांवर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमवर स्थिरावला. मापाचा शेर मात्र पेठेगणिक बदलायचा. त्यात माप शिगेचं, म्हणजे काठावर धान्याची रास करून भरलेलं, की सपाट? शीग लावायची तर भांड्याचं तोंडही मोजावं लागतं, कारण तोंड रुंद तेवढी शीग मोठी. तेच माप भाताने भरलं तर तांदळापेक्षा बरंच हलकं भरतं. त्यामुळे ‘एक पायली म्हणजे इतके किलो’ असा एकच आकडा छापणाऱ्या तक्त्यांवर माझा विश्वास नाही.

मला सर्वात चटका लावते ती १८७१ची गोष्ट. त्या वर्षीच्या कायद्याने शेर थेट एका किलोग्रॅमइतका ठरवला होता आणि मापाचं एकक एक शेर पाणी मावेल एवढं, म्हणजे नेमकं लिटर! नाव आपलं आणि माप दशमान, अशी ती सोय होती. तिच्यामागे असलेल्या व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंची फेब्रुवारी १८७२मध्ये अंदमानात हत्या झाली आणि कायदा कागदावरच राहिला.

मुंबई इलाख्यात १९३२ साली वजनमापांचा वेगळा कायदा झाला. देशभराचा दशमान कायदा १९५६चा. १ ऑक्टोबर १९५८पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात आला, लिटर त्यानंतर. एप्रिल १९६२पासून व्यापारात जुनी वजनं बंद झाली.

म्हणून जुना दस्त वाचताना आधी गाव, धान्य आणि शीग पाहावी. त्या पेठेच्या शेराची नोंद सापडली तरच लिटर लिहावेत. नाहीतर खंडी खंडीच ठेवावी.