थंडीत जहाजाचा नांगर मोकळा ठेवणं

आपल्या साताऱ्यात नांगर म्हटलं की आधी शेत आठवतं, पण हा नांगर जहाजाचा. बर्फाळ समुद्रात तो आणि डेकवरची विंडलास (नांगराची साखळी ओढणारं, सोडणारं यंत्र), विंच (दोर गुंडाळणारं यंत्र), दोर, व्हॉल्व, लाइफबोट गोठून बसू नयेत म्हणून जी तयारी करतात तिला विंटरायझेशन म्हणतात.

महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी कधीकधी दवाचे हिमकण होतात आणि ऊन पडलं की गायब, जहाजावर मात्र तसं होत नाही. समुद्राचं पाणी खारट असल्यामुळे साधारण उणे १.८ अंशाला गोठतं, पण खरा त्रास उडणाऱ्या तुषारांचा, कारण हवा त्याहून थंड आणि वारा जोराचा असला की तुषार लोखंडावर पडल्या पडल्या बर्फ होतात, थरावर थर चढतो आणि पुढच्या डेकवरची साखळी, विंडलास सगळं एकच ढेकूळ होऊन जातं. वजनही वरच्या बाजूला वाढतं, म्हणजे जहाज कलंडायची भीती. म्हणून स्थैर्याच्या हिशेबात उघड्या डेकवर दर चौरस मीटरला ३० किलो बर्फ धरतात. हजार चौरस मीटरला ३० टन झाले की! ध्रुवीय समुद्रासाठी १ जानेवारी २०१७ पासून पोलर कोड, म्हणजे तिथं जाणाऱ्या जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियमही लागू आहेत.

इंजिन बंद पडलं तर उथळ पाण्यात नांगर हाच ब्रेक, पण तो हॉजपाइपमध्ये, म्हणजे साखळी जिथून बाहेर जाते त्या नळीत, बर्फाने चिकटला तर विंडलासचा ब्रेक सोडूनही खाली जात नाही. त्यामुळे बंदर जवळ आलं की आधीच थोडा खाली सोडून मोकळा आहे ना ते बघतात. बर्फाच्या लाद्यांतून जाताना मात्र लटकता ठेवायचा नाही, घट्ट वर. विंडलासचं हायड्रॉलिक तेल थंडीत घट्ट होतं, म्हणून थंडीत चालणारं तेल भरतात आणि पंप बराच आधी चालू करून ठेवतात, आपण गार पहाटे बुलेट गरम करतो तसंच. अग्निशमनाच्या उघड्या पाइपातलं पाणी काढून टाकतात, नाहीतर गोठून पाइप फुटतो. मोटर, कंट्रोलवर ताडपत्री घालायची, ही सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट.

तरी बर्फ धरलाच तर लाकडी मोगरीने फोडतात, घणाने नाही, कारण थंडीत काही पोलाद ठिसूळ होतं आणि पाइप, केबलही तुटतात. वाफ मारतात, पण वितळलेलं पाणी डेकवरच राहिलं तर तिथंच परत गोठतं, म्हणून आधी पाणी जायची भोकं मोकळी करायची.