उचल आणि वेठबिगारी: सामान हलवणाऱ्या कंपनीने फरक कसा ओळखायचा

मुंबई-पुण्यातल्या पॅकर्स अँड मूव्हर्स कंपन्यांना परदेशी ग्राहकांकडून हल्ली एक प्रश्नावली येते. ब्रिटनचा २०१५ चा मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंडांच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांकडून दरवर्षी निवेदन मागतो: तुमच्या कामात आणि पुरवठा साखळीत गुलामी रोखायला काय केलंत? ऑस्ट्रेलियाचा २०१८ चा कायदा १० कोटी डॉलर उलाढालीपासून तेच मागतो. त्या कंपन्या तोच प्रश्न पुढे इथल्या एजंटाला विचारतात: तुमच्याकडे कर्जापोटी कोणी राबतं का? एजंट ‘नाही’ लिहून मोकळा होतो. तो खोटं बोलत असतो असंही नाही. वेठबिगार म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे वीटभट्टी किंवा दगडखाण येते. भिवंडीच्या गोदामात मुकादमाने हेल्परांना दिलेली उचल त्या प्रश्नात बसते, हे त्याच्या मनातही येत नाही.

उचल देणं हा गुन्हा नाही. बहिणीचं लग्न, आईचं ऑपरेशन, घराचे पत्रे यासाठी बँक ज्याला दारात उभं करत नाही, त्याला मालकाने पुढच्या पगारातून पैसे आधी दिले तर ती मदतच आहे. त्याच पैशाच्या बदल्यात माणूस अडकवला, की ती वेठबिगारी होते. संविधानाच्या कलम २३ ने तिला बंदी घातली आणि १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने तिची व्याख्या केली. कर्ज किंवा उचल घेतल्यामुळे माणसाला फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबावं लागत असेल, दुसरीकडे काम धरता येत नसेल, हवं तिथे जाता-येता येत नसेल, किंवा आपला माल बाजारभावाने विकता येत नसेल, तर यातली एक गोष्टही पुरते. आणि नाममात्र मजुरी म्हणजे काय, तर सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी.

दोन वह्या शेजारी ठेवून बघा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. हेल्परचा पगार १६,००० आणि उचल ३०,०००. पहिल्या वहीत दरमहा ३,००० कापले जातात, पगारपत्रकावर ‘बाकी’चा रकाना आहे, व्याज नाही. दहा महिन्यांत विषय संपतो. पाच महिन्यांनी त्याला नाशिकला बरं काम मिळालं तर तो जातो. उरलेले १५,००० शेवटच्या हिशेबात बसवता येतात, हप्त्याने मागता येतात, फार तर दिवाणी दावा लावता येतो. पैसे अडकले, माणूस अडकला नाही.

दुसऱ्या वहीतही उचल ३०,००० चीच, पण ती मुकादमाची. पगार हेल्परच्या खात्यात जमा होतो, म्हणजे कंपनीच्या कागदावर सगळं चोख. एटीएम कार्ड मात्र मुकादमाच्या खिशात. वहीत खोली, मेस, रिचार्ज, ‘गावाला पाठवले’, आणि मध्येच एक ओळ: ‘टीव्ही फुटला, ८,०००’. दहा महिने ओझी वाहिल्यावर बाकी ३४,०००. आधार कार्ड ‘हरवू नये म्हणून’ मुकादमाकडे. दिवाळीला घरी जातो म्हटलं की उत्तर ठरलेलं: आधी हिशेब पूर्ण कर, नाहीतर भावाला आणून ठेव.

त्या टीव्हीच्या ओळीपाशी थांबायला हवं, कारण या धंद्यात कर्ज फुगवायची ती सगळ्यात सोयीची जागा आहे. चौथ्या मजल्यावरून लिफ्टशिवाय कपाट उतरवताना काहीतरी फुटणारच. ग्राहकाला नुकसानभरपाई देणं हा कंपनीच्या धंद्याचा खर्च आहे, त्यासाठी ट्रान्झिट विमा असतो. वेतन कायदा नुकसानीपोटी कपात करू देतो, पण ती वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात दिलेली असली, नुकसान त्याच्याच हयगयीने झालेलं असलं आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी दिलेली असली तरच. शिवाय सहसा सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. मुकादमाने पेनाने ओढलेली एक ओळ यातल्या कुठल्याच कसोटीला उतरत नाही. आणि विम्याचा क्लेमही मिळाला, हेल्परच्या नावावरही ८,००० चढले, असं झालं असेल तर ती उघड लूट आहे.

यावर तीन उत्तरं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘तो स्वतःच्या मर्जीने आला.’ दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये हा मुद्दा निकालात काढला: भुकेपोटी किमान वेतनाहून कमी पैशात राबणं हीसुद्धा सक्तीच. दुसरं, ‘दाराला कुलूप नाही.’ कुलूप लागतंच असं नाही. हजार किलोमीटरवरचं गाव, मोकळा खिसा आणि घरच्यांना आलेला एक फोन पुरतो. तिसरं, ‘तो मुकादमाचा व्यवहार, आमचा नाही.’ माझ्या मते हे सगळ्यात घातक. माणूस तुमच्या नावाचा टी-शर्ट घालून तुमच्या ग्राहकाचं घर हलवतो आणि कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती द्यायची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर येते.

मुकादमाच्या हातून पैसा काढून घ्यायचा मार्ग महाराष्ट्राने फार पूर्वी शोधला आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्यात टोळी राहिली, मुकादम राहिला, पण मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची जादा टक्केवारी) मालकाने माथाडी मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराला द्यायची. सामान हलवणाऱ्या कंपनीने चढ-उताराला नोंदणीकृत माणसं घेतली तर दुसरी वही उघडायला जागाच कमी उरते.

‘मग उचलच बंद करतो’ हा मात्र उपाय नाही. गरज थांबत नाही. माणूस सावकाराकडे किंवा त्याच मुकादमाकडे जातो, आणि कंपनीला ते कळतही नाही. उचल कंपनीने स्वतः द्यावी, बिनव्याजी, कामगाराला वाचता येईल अशा भाषेत लिहून. त्यात एक वाक्य असावंच: बाकी असली तरी काम सोडायला मोकळीक आहे. तपासणीला गेलेल्याने हेल्परशी मुकादमाच्या माघारी, शक्यतो गोदामाबाहेर बोलावं. एटीएम कार्ड कुठे आहे? आधार कुठे आहे? बाकी किती, आणि ती कोणी सांगितली? उद्या दुसरीकडे गेलास तर काय होईल? शेवटच्या प्रश्नाला तो गप्प राहिला तर पहिल्या तिन्हींची उत्तरं पुन्हा नीट ऐकावीत. ट्रकवरचा क्लीनर, दुसऱ्या शहरात माल उतरवणारी टोळी, लाकडी क्रेट बनवणारा कारखाना, सगळीकडे हेच प्रश्न चालतात.

आणि दुसरी वही सापडलीच तर? घाबरून त्या हेल्परांना त्याच दिवशी काढून टाकणं ही सगळ्यात वाईट गोष्ट. ते रस्त्यावर येतात आणि कर्ज डोक्यावर तसंच राहतं. खरं तर वेठबिगारीचं कर्ज कायद्यानेच रद्द झालेलं असतं. रद्द झालेल्या कर्जापोटी पैसे घेणं हाही गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायचं ओझं कर्ज देणाऱ्यावर असतं, मजुरावर नाही. कळवायचं जिल्हाधिकाऱ्यांना. चौकशीनंतर मुक्तता प्रमाणपत्र मिळतं आणि केंद्राच्या पुनर्वसन योजनेतून ३० हजारांपर्यंत तातडीची मदत मिळू शकते. त्यासाठी खटल्याच्या निकालापर्यंत थांबावं लागत नाही. पुढची रक्कम पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अतिशोषणाच्या प्रकरणात ३ लाख. तोवर कंपनीने थकलेली मजुरी हेल्परच्या हातात द्यावी, राहायची सोय सुरू ठेवावी आणि मुकादमाची वही, खाडाखोड असली तरी, आहे तशी जपावी. मजुराच्या बाजूने बोलणारा बहुधा तोच एक लेखी पुरावा असतो.