टमेसिबॅसिस लॅसेराटा

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात आढळणारी घुबडमाशीची एक जाती. मोझांबिक, झिम्बाब्वे, दक्षिण आफ्रिका या देशांतल्या विरळ झाडीच्या गवताळ रानात ती राहते. डागाळ पंख आणि लांब मिशा ही तिची ठळक ओळख, आणि इंग्रजीतले तिचे रूढ नावही त्याच अर्थाचे आहे. घुबडमाशी म्हटले तरी घरातल्या माशीशी तिचे नाते नाही. माशीला पंखांची एक जोडी असते, हिला दोन. जाळीदार पंखांच्या कीटकांचा जो न्यूरॉप्टेरा गण, त्यातली ही. मऊ मातीत नरसाळ्यासारखे खड्डे करून मुंग्या पकडणारा मुंगीसिंह हा तिचा जवळचा भाऊबंद.

पहिल्या नजरेत कोणीही तिला चतुर समजेल. लांब सडपातळ पोट, मोठे डोळे, चार पारदर्शक पंख, आणि उडता उडता शिकार पकडण्याची सवय, सगळे चतुरासारखेच. पण मिशा पाहिल्या की शंका उरत नाही. चतुराच्या मिशा इतक्या आखूड की त्या शोधाव्या लागतात. घुबडमाशीच्या मिशा लांबलचक, ताठ, आणि टोकाला गुंडी असलेल्या. अशी गुंडी आपल्याला फुलपाखरांच्या मिशांवर पाहायची सवय आहे. युरोपातली एक घुबडमाशी १७६३ मध्ये जोव्हानी स्कोपोली यांनी नोंदवली तेव्हा तिला त्यांनी चक्क फुलपाखरांच्या वंशात, पॅपिलिओत घातले होते. मिशांकडे पाहून झालेली ही चूक मला तरी फार स्वाभाविक वाटते.

लॅसेराटाचे पहिले वर्णन १८५३ चे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स १८४२ ते १८४८ या काळात मोझांबिकच्या मोहिमेवर होते आणि तिथून त्यांनी प्राण्यांचा मोठा संग्रह बर्लिनला आणला. त्यातले जाळीपंखी कीटक त्यांनी हेरमान हागेन यांच्याकडे अभ्यासाला सोपवले. हागेन प्रशियातल्या कोनिग्सबर्गचे वैद्य, पुढे ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. आफ्रिकेच्या रानात क्वचित कुणाच्या नजरेला पडणारा हा कीटक अशा रीतीने प्रशियाच्या एका वैद्याच्या टेबलावर पोचला आणि तिथे त्याला नाव मिळाले.

शास्त्रीय लिखाणात या जातीपुढे 'हागेन, १८५३' हे कंसात लिहितात. त्या कंसाला अर्थ आहे: वर्णन करणाऱ्याने जाती ज्या वंशात ठेवली होती, तिथे ती आता नाही. टमेसिबॅसिस हा वंश इंग्रज कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅक्लाक्लन यांनी १८७१ मध्ये, म्हणजे जातीच्या वर्णनानंतर अठरा वर्षांनी केला. नाव ग्रीक शब्दांवरून घेतलेले: 'त्मेसिस' म्हणजे कापणे, 'बासिस' म्हणजे बूड. लॅटिन 'लॅसेराटा' म्हणजे फाटलेली. 'बासिस' हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून जातीचे नावही स्त्रीलिंगी. बुडाशी कापलेली, फाटलेली. दोन्ही शब्द बोलतात ते पंखांबद्दलच.

आणि पंख आहेतही तसेच. एरवी घुबडमाशीचा पंख साधा, लांबोळका असतो. इथे मात्र पंखाची मागची कड बुडाजवळ एकदम आत शिरते, त्यामुळे पंख जणू देठावर उभा आहे असे दिसते. पुढे तो रुंदावतो. त्याच्या पारदर्शक जाळीवर गडद तपकिरी डाग असे पसरलेले असतात की मधले स्वच्छ तुकडे वाळक्या पानाला पडलेल्या भोकांसारखे वाटतात. संग्रहात टाचणीला लावलेल्या नमुन्यात हे पंख उठून दिसतात. उन्हासावलीच्या फांदीवर त्याच डागांमुळे कडा हरवते आणि किडा दिसेनासा होतो.

वर्गीकरणात डोळ्यांना विशेष महत्त्व आहे. बऱ्याच घुबडमाश्यांच्या संयुक्त डोळ्यावर आडवी खाच असते आणि डोळ्याचे वरचा व खालचा असे दोन भाग पडतात. लॅसेराटाचा डोळा अखंड, खाचेविना, फुगीर. अखंड डोळ्यांच्या घुबडमाश्या हॅप्लोग्लेनिनी या उपकुलात ठेवल्या गेल्या. स्वीडिश अभ्यासक बो त्येडर यांनी आफ्रिकेतल्या घुबडमाश्यांचा जो आढावा १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात टमेसिबॅसिससाठी या उपकुलात स्वतंत्र गटच केला. पंखांची घडण पाहता तो निर्णय पटतो.

कुलाच्या पातळीवर मात्र अजून एकमत नाही. घुबडमाश्यांचे कुल परंपरेने अ‍ॅस्कॅलॅफिडी. ग्रीक पुराणातला अस्कालाफोस हा पाताळातल्या बागेचा राखणदार. पाताळाच्या राजाने पळवून नेलेल्या पर्सिफनीने डाळिंबाचे दाणे खाल्ल्याची चुगली केली म्हणून त्याचे घुबड झाले. मोठ्या डोळ्यांच्या आणि बहुतेक संधिप्रकाशात उडणाऱ्या या कीटकांना ते नाव शोभते. २०१९ मध्ये रेनाटो मशादो व सहकाऱ्यांनी जनुकीय अभ्यासावरून घुबडमाश्यांचे वेगळे कुल मोडून त्यांना मुंगीसिंहांच्या मिर्मेलिऑन्टिडी कुलात उपकुल म्हणून घातले. त्याच वर्षी जोशुआ जोन्स यांनी कुल वेगळे ठेवून त्याची अंतर्गत मांडणी नव्याने केली. म्हणून दोन ग्रंथांत या जातीचे कुल वेगळे दिसले तर ती छपाईची चूक समजू नये. प्रौढ कीटक हातात असेल तर मुंगीसिंह आणि घुबडमाशी वेगळे ओळखायला मिशांखेरीज पंखाचीही मदत होते. पंखाच्या पुढच्या कडेला टोकाकडे जो डाग असतो, त्याच्या मागचे जाळीचे घर मुंगीसिंहात लांबट असते आणि घुबडमाशीत आखूड.

घुबडमाश्यांच्या अळ्या मुंगीसिंहाच्या अळीसारख्या चपट्या, पण त्या खड्डा करत नाहीत. पालापाचोळ्यात, दगडावर किंवा झाडाच्या सालीवर त्या निश्चल पडून राहतात. विळ्यासारखे दातेरी जबडे पूर्ण फाकलेले असतात, आणि सावज टप्प्यात आले की खटकन मिटतात. पोकळ जबड्यांवाटे सावजाचा रस शोषला जातो. अळीचे आतडे मागे बंद असल्यामुळे मळ साठत राहतो आणि प्रौढ झाल्यावरच बाहेर पडतो. वाढ झाली की अळी रेशमी कोश विणते.

भारतातही घुबडमाश्या आहेत. ऑग्कोगॅस्टर सेगमेंटेटर ही त्यांतली एक. टमेसिबॅसिस वंश मात्र आफ्रिकेपुरताच. पण बसण्याची जी तऱ्हा पुष्कळ घुबडमाश्यांत दिसते ती दोन्हीकडे सारखीच ओळखू येते: दिवसा डोके खाली करून काडीला चिकटायचे, मिशा आणि पंख काडीलगत लांबवायचे, आणि पोट काडीपासून तिरके वर उचलून धरायचे. काडीला मोडकी फांटी फुटावी तसे ते पोट दिसते, आणि शोधणारा पाहून पुढे निघून जातो.