लिग्निनची रचना : तुकड्यांवरून झालेला शोध

फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये नायट्रिक आम्ल आणि अल्क यांच्या साहाय्याने लाकडातील सेल्युलोज वेगळे केले, तेव्हा विरघळून निघालेल्या, कार्बनचे प्रमाण अधिक असलेल्या द्रव्याला त्यांनी तंतूंवर चढलेले पुट मानले. हेच द्रव्य पुढे लिग्निन म्हणून ओळखले गेले. सेल्युलोजचे आम्लाने विघटन केले की ग्लुकोज हाती येते आणि रचनेचा मुख्य प्रश्न सुटतो. लिग्निन मात्र दीर्घकाळ दाद देत नव्हते, कारण त्यातील एकके अनेक प्रकारच्या बंधांनी जोडलेली असतात आणि तीव्र आम्लात सुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांशी जोडले जातात.

लिग्निनचे कोनिफेरिल अल्कोहोलशी (वलयाला तीन कार्बनची शृंखला असलेल्या एका वनस्पतिजन्य संयुगाशी) नाते असावे, असे स्वीडनचे पेटर क्लासोन यांनी १८९७ मध्येच सुचवले होते. त्याला भक्कम आधार मिळाला तो १९४० च्या सुमारास, जेव्हा जर्मनीतील कार्ल फ्रॉयडेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्कयुक्त नायट्रोबेंझीनने स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या लिग्निनचे ऑक्सिडीकरण केले आणि लिग्निनच्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश व्हॅनिलिन (व्हॅनिलाला सुगंध देणारे, बेंझीन वलय असलेले संयुग) मिळवले. इतक्या मोठ्या प्रमाणानंतर लिग्निन मुळातच ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारख्या वलयांचे बनलेले, असल्याबद्दल शंका घेणे अवघड झाले. याच पद्धतीने रुंदपर्णी वृक्षांच्या लाकडातून व्हॅनिलिनबरोबर सिरिंगाल्डिहाइड हे त्याच्यासारखेच संयुगही मिळते, म्हणजे कोणत्या वनस्पतीत कोणती एकके आहेत हेही त्यातून कळते.

व्हॅनिलिनमध्ये एककाच्या वलयाला जोडलेल्या मूळ शृंखलेतला एकच कार्बन उरतो, ही या पद्धतीची मर्यादा होती. ती उणीव अमेरिकेत होमर ॲडकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये केलेल्या हायड्रोजनीकरणाने आधीच भरून काढली होती : त्यांना प्रोपिलसायक्लोहेक्झॅनॉलसारखी संयुगे मिळाली, म्हणजे सहा कार्बनच्या वलयाला तीन कार्बनची शृंखला जोडलेली होती. माझ्या मते हाच या इतिहासातला सर्वांत सुंदर पुरावा आहे, कारण त्यात एककाचा सांगाडा अखंड दिसतो.

पुढचा प्रश्न एकके कशी जोडलेली आहेत, हा होता. फ्रान्समध्ये १९८५ मध्ये मांडलेल्या थायोअ‍ॅसिडोलिसिस पद्धतीत इथेनथायॉल आणि बोरॉन ट्रायफ्लोराइड वापरून बीटा-ओ-४ हा ईथर बंध (एका एककाची शृंखला दुसऱ्याच्या वलयाशी ऑक्सिजनने जोडणारा) निवडकपणे तोडला जातो. स्प्रूसच्या लिग्निनमधील सुमारे निम्मे बंध याच प्रकारचे असतात. जी एकके केवळ अशाच बंधांनी जोडलेली असतात ती सुटी होतात, तर कार्बन-कार्बन बंधांनी जखडलेली एकके जोडीने बाहेर येतात, आणि त्या जोड्यांतून न तुटलेल्या बंधांचे प्रकार ओळखता येतात.