‘निदान’ म्हणायचं नाही, ‘विश्लेषण’ म्हणायचं

काइरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके दाबून बसवण्याची उपचारपद्धत, शिकवणाऱ्या कॉलेजच्या क्लिनिकमध्ये कंबर धरून आलेल्या पेशंटला विद्यार्थी आज काय विचारतो? रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखतं का? काही न करता वजन उतरलंय का? पूर्वी कॅन्सर झाला होता का? लघवी अडते का? बसताना जो भाग टेकतो तिथे बधिर वाटतं का? शेवटच्या दोन प्रश्नांना ‘हो’ आलं, तर मणक्याला हात लावायचा नाही, पेशंटला तडक हॉस्पिटलात पाठवायचं. पाठीच्या कण्यात खाली नसांचा जो जुडगा असतो तो दाबला गेला असेल, तर उशिराची किंमत पेशंट जन्मभर मोजतो.

ऑर्थोपेडिकच्या ओपीडीतही हेच विचारतात. काइरोप्रॅक्टिकच्या सगळ्या कॉलेजांत मात्र हे प्रश्न रुजायला पाऊण शतकाहून जास्त काळ लागला, आणि त्याला बऱ्याच अंशी एक कोर्टकेस कारणीभूत आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावची. डॅनियल डेव्हिड पामर हे तिथे चुंबकीय उपचार करत. १८९५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी हार्वे लिलार्ड या ऐकू न येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीतला एक मणका दाबून ‘जागेवर बसवला’ आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्यांचा दावा. कानाची नस पाठीतून जात नाही, त्यामुळे या गोष्टीवर डॉक्टर तेव्हापासून हसत आले आहेत. पामरांनी मात्र त्यावरून अख्खं शास्त्र उभं केलं: शंभरातले पंच्याण्णव आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. १८९७ मध्ये त्यांनी शाळाही काढली. कारण जर जवळजवळ एकच, तर आजाराला नाव देण्यात वेळ का घालवायचा? मणका शोधा, बसवा, पेशंट घरी. निदानाची गरज या सिद्धांतात मुळातच कमी होती.

पण ते पूर्ण हद्दपार झालं वकिलांमुळे. १९०६ मध्ये खुद्द पामर विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगात गेले. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावात शेगातारो मोरिकुबो या जपानी वंशाच्या काइरोप्रॅक्टरवर खटला भरला गेला. त्याचे वकील टॉम मॉरिस यांनी मांडणी अशी केली की हा माणूस वैद्यकी करतच नाही, ऑस्टिओपॅथी ही हाताने उपचार करण्याची दुसरी पद्धतही नाही; त्याचं शास्त्र, कला आणि तत्त्वज्ञान सगळंच निराळं. ज्यूरीने मोरिकुबोला सोडलं. मग हाच बचाव देशभर वापरला गेला आणि त्याबरोबर एक शब्दकोशच तयार झाला. काइरोप्रॅक्टर ‘निदान’ करत नाही, ‘विश्लेषण’ करतो. ‘उपचार’ करत नाही, ‘अ‍ॅडजस्टमेंट’ देतो.

कोर्टात जीभ घसरू नये म्हणून हे शब्द वर्गातच घोटवले जात. मला यातली सगळ्यात मोठी गंमत ही वाटते, की तुरुंग चुकवायला काढलेली पळवाट पुढच्या पिढ्यांनी तत्त्व म्हणून डोक्यावर घेतली.

प्रत्यक्षात शिकवणाऱ्यांना निदान टाळता येत नव्हतंच. पामर शाळेत जेम्स फर्थ ‘सिम्प्टमॅटॉलॉजी’ शिकवत, म्हणजे लक्षणशास्त्र. विषय तोच, पाटी वेगळी. १९०६ मध्येच जॉन हॉवर्ड यांनी वेगळी चूल मांडून नॅशनल स्कूल काढलं आणि दोन वर्षांत ते शिकागोला नेलं. तिथे शवविच्छेदन होतं आणि निदानाचं वावडं नव्हतं. या पंथाला ‘मिक्सर’, म्हणजे भेसळवाले, म्हणत; पामरवाल्यांना ‘स्ट्रेट’, म्हणजे निव्वळ मणकेवाले.

थोरल्या पामरांचा मुलगा बी. जे. याने १९१० मध्ये शाळेत एक्स-रे आणला, तोही आजार शोधायला नव्हे, मणक्यांची जागा मोजायला. १९२४ मध्ये त्याने पाठीवरून फिरवून उष्णतेतला फरक दाखवणारं न्यूरोकॅलोमीटर नावाचं यंत्र काढलं. ते विकायचं नाही, फक्त भाड्याने द्यायचं. यावरून जी फाटाफूट झाली त्यात फर्थसह चार नावाजलेले शिक्षक बाहेर पडले आणि १९२६ मध्ये त्यांनी इंडियानापोलिसला लिंकन कॉलेज काढलं. आणि हाच बी. जे. १९३५ मध्ये स्वतःचं संशोधन क्लिनिक उघडतो, तेव्हा तिथे रक्त-लघवीच्या तपासण्या होतात, ईसीजी होतो! तत्त्व आपल्या जागी, रिपोर्ट आपल्या जागी.

बाहेरून दट्ट्या आला तो कायद्याचा. १९१३ मध्ये कॅन्ससने पहिला परवाना कायदा केला, पण १९२५ पासून विस्कॉन्सिन, कनेक्टिकटसारख्या राज्यांनी ‘बेसिक सायन्स’ परीक्षा आणली. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र यांचा पेपर डॉक्टर आणि काइरोप्रॅक्टर दोघांना एकच. त्यात काइरोप्रॅक्टिकचे विद्यार्थी धडाधड आपटू लागले. काही महिन्यांत पदवी देणाऱ्या शाळांचे दिवस भरले. १९४१ मध्ये जॉन न्यूजेंट काइरोप्रॅक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचे शिक्षण संचालक झाले. त्यांनी छोटी कॉलेजं एकमेकांत विलीन करायला लावली आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा आग्रह धरला. १९४७ मध्ये कॉलेजांना मान्यता देणारी कौन्सिल ऑन काइरोप्रॅक्टिक एज्युकेशन उभी राहिली. १९७४ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने तिला मान्यता दिली. त्याच वर्षी लुइझियानाने कायदा केला आणि अमेरिकेतलं परवाना नसलेलं शेवटचं राज्य संपलं.

आता अटक होण्याची भीती उरली नव्हती. पण कौन्सिलने ‘निदान शिकवा’ म्हटल्यावर काही कॉलेजं अडून बसली. १९७३ मध्ये साउथ कॅरोलिनात निघालेलं शर्मन कॉलेज त्यातलं ठळक नाव. त्यांचं म्हणणं, आम्ही आजाराकडे बघतच नाही, मग त्याला नाव कशाला देऊ? या मंडळींच्या बाजूने मान्यता देणारी दुसरी संस्थाही निघाली. शेवटी १९९५ मध्ये शर्मनलाही कौन्सिलचीच मान्यता घ्यावी लागली.

मला त्यांचा युक्तिवाद पटत नाही, आणि कारण साधं आहे. काइरोप्रॅक्टरकडे पेशंट चिठ्ठी न घेता थेट येतो. मान दुखते म्हणून येणाऱ्यांत क्वचित एखाद्याच्या मानेतली रक्तवाहिनी आतून फाटत असू शकते, आणि तिचं पहिलं लक्षणही मानदुखीच असतं. ‘अशी डोकेदुखी पूर्वी कधी झाली नव्हती’ हे पेशंटचं वाक्य ऐकून हात मागे घेणं, हेही कौशल्यच, आणि ते शिकवावं लागतं. आपल्याकडे दाढी झाल्यावर मानेला झटका देणाऱ्या न्हाव्याला हा प्रश्न पडत नाही. ज्याच्या नावामागे डॉक्टर लागतं त्याला पडायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पूर्ण अभ्यासक्रम किमान ४,२०० तासांचा आहे आणि त्यातले किमान १,००० तास देखरेखीखाली पेशंट बघण्याचे. आकडा भरघोस दिसतो, पण खरी अडचण पेशंटांची आहे. कॉलेजच्या क्लिनिकमध्ये येतात ते बरेचदा वर्गमित्र, त्यांचे भाऊबंद, जवळपासची तरणी मंडळी. दुखणं असतं ते साध्या कंबरेचं. तासांची बेरीज होते, पण ज्याला बघून पोटात गोळा यावा असा पेशंट सबंध वर्षात एकदाही समोर येत नाही. म्हणून मग पेशंटची भूमिका करणारी माणसं पढवून परीक्षेत बसवतात. डेन्मार्कने वेगळी वाट धरली: ओडेन्सच्या विद्यापीठात १९९४ पासून काइरोप्रॅक्टिकची मुलं सुरुवातीची वर्षं मेडिकलच्या मुलांबरोबर एकाच वर्गात बसतात. तिथे निदानाला दुसरं नाव द्यायची गरज पडत नाही.