भिजवलेला हरभरा वेगळा, मोड आलेला हरभरा वेगळा

रब्बी आली की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘हरभरा भिजवून पेरा’ हा सल्ला फिरू लागतो. सल्ला चांगला आहे, पण सोबतचा फोटो हमखास मोड आलेल्या हरभऱ्याचा असतो. तो पाहून कुणी बियाणं दोन दिवस ओल्या पोत्यात बांधतं आणि कोरडवाहू रानात पेरतं. मग उगवण विरळ झाली की दोष बियाण्याला किंवा जातीला जातो. याचा मला खरोखर त्रास होतो, कारण यात बी आणि हंगाम दोन्ही वाया जातात.

मोड आणणं सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणात भाताचा रहू टाकतात तो असाच: बी भिजवायचं, पोत्यात दाबून उबेला ठेवायचं, अंकुर फुटले की चिखलणी केलेल्या वाफ्यावर फेकायचं. तिथं पाणी हटत नाही, म्हणून ते जमतं.

हरभऱ्याचं भिजवणं हे असं नाही. कोरडं बी पाण्यात पडलं की आधी भराभर पाणी ओढतं. मग ओढणं मंदावतं. बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत काम जोरात चालू असतं: साठवणीत झालेली मोडतोड दुरुस्त होते, विकरं (एन्झाइम) जागी होतात, अन्नसाठा वापरायची तयारी होते. त्यानंतर मूळ कवच फोडून बाहेर येतं आणि बी पुन्हा पाणी ओढू लागतं. मूळ बाहेर येण्याआधी बी पाण्यातून काढलं, तर ते तयारीच्या अवस्थेत थांबू शकतं, थोडं सुकलं तरी मरत नाही. मूळ बाहेर आल्यावर मात्र सुकणं सोसण्याची ही ताकद संपते. वरची ओल उडालेल्या रानात असा कोंब पडला की वाळून जातो. आपल्याला बी मूळ फुटण्याआधीच्या तयारीच्या अवस्थेतच पकडायचं असतं, आणि हरभऱ्यासाठी त्याचा हिशेब साधारण 8 तासांचा आहे. रात्री दहाला भिजत घाला, पहाटे सहाला उपसा. ‘जास्त भिजलं तर लवकर उगवेल’ हा विचार इथंच घात करतो.

भारतात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातल्या आदिवासी भागांत शेतकऱ्यांनी स्वतःच्या रानात मका, भात आणि हरभऱ्यावर हे भिजवणं करून पाहिलं, त्याचा अहवाल 1999 साली प्रसिद्ध झाला. बांगलादेशातल्या बारिंद भागात भातानंतरच्या हरभऱ्यावरही ते तपासलं गेलं. दोन्हीकडे हरभऱ्याची पेरणी जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर. आपल्याकडे सोयाबीन काढून पेरलेल्या कोरडवाहू हरभऱ्याची अडचण तीच: ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर झपाट्यानं सुकतो, आणि भिजवल्यामुळे लवकर उगवलेलं रोप खालच्या ओलीपर्यंत मूळ पोचवतं.

उपसल्यावर बी सावलीत पसरा, वरचं पाणी सुकू द्या. मग किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगांना आवरणारी उपयोगी बुरशी), शेवटी 10 किलोला 250 ग्रॅम रायझोबियम (मुळांना नत्र मिळवून देणारे जिवाणू) चोळा आणि त्याच दिवशी पेरा. एकरी बियाण्याचं वजन कोरड्या बियाण्यावर धरा. भिजलेला दाणा फुगतो, त्यामुळे पेरणीयंत्राचं माप पुन्हा जुळवावं लागतं. पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, हात चालतो, तिथं ही अडचण कमी.

रंग लावलेलं, बुरशीनाशक चोळलेलं पिशवीतलं बियाणं भिजवू नका, औषध धुऊन जातं आणि ते पाणी विषारी होतं. सोयाबीन तर मुळीच भिजवू नका. त्याचं कवच पातळ असतं, पाणी एकदम आत घुसतं आणि दाण्याची डाळ आतून फुटते. मिठाच्या पाण्यात भात बुडवतात तो प्रकार पोचट दाणे वेगळे काढण्याचा आहे, त्याला यात मोजू नका.

ट्रॅक्टर उद्या नक्की येणार याची खात्री नसेल, तर मी बी भिजवूच नका म्हणेन. भिजवून उरलेलं बी पुढच्या हंगामासाठी कणगीत परत टाकायचं नाही. साठवणीचं बी कोरडंच हवं. ओलावा 1 टक्क्यानं कमी झाला की साठवणीतलं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा जुना ठोकताळा आहे. त्यामुळे घरचं बियाणं ठेवायचं तर मळणीनंतर चांगलं वाळवून हवाबंद ठेवा आणि पाणी लावायचं ते पेरणीच्या आदल्या रात्रीच.