बाहेरचं खाऊन विषबाधा झाली तर: तक्रार कुठे, कागद कोणते, भरपाई कशी

विषबाधेची तक्रार फसते ती बहुधा एकाच ठिकाणी. त्रास झाला हे सगळे मान्य करतात. त्याच हॉटेलच्या, त्याच पदार्थाने झाला हे मात्र कागदावर दिसत नाही. म्हणून कायद्याची कलमं नंतर, आधी पहिल्या दोन दिवसांचं बोलू.

उलट्या-जुलाब सुरू झाले की आपण शेवटच्या घासाला दोष देतो. तो दर वेळी दोषी नसतो. मिठाई, क्रीम, हाताळलेलं पनीर यांत तयार होणारं स्टॅफिलोकोकसचं विष साधारण एक ते सहा तासांत त्रास देतं. तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भाताचंही तसंच. साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. ई. कोलायचा घातक प्रकार बहुधा तीन-चार दिवसांनी दिसतो आणि ‘अ’ प्रकारची कावीळ तर १५ ते ५० दिवसांनी. तक्रारीत ‘आठला जेवलो, नऊला आजारी’ असं लिहिलं आणि अहवालात साल्मोनेला निघाला, तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार. त्यामुळे मागच्या तीन-चार दिवसांत काय, कुठे, कोणाबरोबर खाल्लं ते लगेच लिहून काढा. सोबत जेवलेल्यांपैकी कोण आजारी पडलं आणि कोण नाही, त्यांनी काय खाल्लं होतं, हेही लिहा. चार जणांची मिळतीजुळती हकीकत एकट्याच्या तक्रारीपेक्षा कितीतरी जड असते.

डॉक्टरांकडे गेल्यावर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी शौचाचा नमुना कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) देता येईल का, हे विचारा; औषध पोटात गेल्यावर जंतू सापडणं अवघड होतं. केसपेपरवर ‘गॅस्ट्रो’ एवढंच न राहता ‘बाहेरचं खाल्ल्यानंतर’ ही हकीकत वेळेसह यायला हवी. प्रकृती गंभीर असेल तर एमएलसी (पोलिसांना कळवायचं वैद्यकीय प्रकरण) अशी नोंद झाली का तेही पाहा. उरलेलं अन्न पॅकिंगसकट झाकून फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. गोठवल्याने काही जंतू मरतात.

पैसे दिल्याचा पुरावा म्हणून बिल, यूपीआयची नोंद किंवा ऑर्डरचा स्क्रीनशॉट चालतो. मोबाइलमधला असा पुरावा ग्राहक आयोगात किंवा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं. जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. तो नसेल तर ती स्वतंत्र तक्रार.

एफडीएकडे

महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (अन्न) कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हेल्पलाइन १८००२२२३६५ आहे, एफएसएसएआयचं ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपही आहे. पण ऑनलाइन तक्रार केली तरी कागदी अर्ज द्यावाच. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तो दुकानातून किंवा स्वयंपाकघरातून. तो त्याचे चार भाग करतो आणि अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. आठवडाभराने तक्रार केलीत तर तोवर ते भांडं घासून झालेलं असतं. ग्राहकालाही फी भरून तपासणी करून घेता येते (कलम ४०), मात्र तसा इरादा खरेदीच्याच वेळी विक्रेत्याला सांगावा लागतो. आजारी पडल्यावर सुचणाऱ्याला या तरतुदीचा उपयोग थोडाच.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ चं कलम ६५ फार कमी अर्जांत दिसतं. शिक्षेखेरीज पीडिताला भरपाई देण्याचा आदेश न्यायनिर्णय अधिकारी किंवा न्यायालय देऊ शकतं: मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत, इतर इजेला १ लाखापर्यंत. घटनेपासून सहा महिन्यांच्या आत ती द्यायची असते आणि मृत्यूच्या प्रकरणात वारसांना ३० दिवसांत अंतरिम मदत. मुदती प्रत्यक्षात पाळल्या जातीलच असं समजू नका, पण अर्जातच ‘कलम ६५ प्रमाणे भरपाई मिळावी’ असं वाक्य घाला. सोबत उपचाराची बिलं, डिस्चार्ज कार्ड, बुडालेल्या पगाराचा दाखला. मृत्यू असेल तर मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि वारसांची कागदपत्रं. गुन्ह्याची दखल घ्यायला एका वर्षाची मुदत आहे. ती अन्न सुरक्षा आयुक्त कारणं नोंदवून तीन वर्षांपर्यंत वाढवू शकतात.

ग्राहक आयोगाकडे

भरपाईच हवी असेल तर माझ्या मते ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ची वाट अधिक कामाची. दावा कितीचा आहे यावर नाही, तुम्ही मोजलेल्या किमतीवर आयोग ठरतो. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, म्हणजे दीडशे रुपयांची पावभाजी असो की लग्नाची केटरिंग, बहुतेक सगळं तिथेच. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही दाखल करता येतं. गोव्याला जेवून साताऱ्यात आजारी पडलेल्याला हे सोयीचं. अर्ज ई-जागृती पोर्टलवर होतो, वकील सक्तीचा नाही. तक्रार, प्रतिज्ञापत्र, पुरावे आणि असल्यास आधी पाठवलेली नोटीस एवढे कागद लागतात. मुदत दोन वर्षं. आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्यासाठीच ते फ्रीजमधलं पाकीट.

ग्राहक कोण? बिल भरणाराच असं नाही. यजमानाने ठरवलेल्या केटररकडे जेवलेला पाहुणाही सेवेचा लाभार्थी म्हणून येतो. मोफत महाप्रसादाचं मात्र अवघड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताहातली भगर-आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले, दोरीला सलाईन लटकवून उपचार करावे लागले. मोबदला न देता जेवलेल्याला आयोगात उभं राहणं कठीण. पण २००६ च्या कायद्यात नफा नसलेला उपक्रमही अन्न व्यवसायात मोडतो, त्यामुळे एफडीएचा रस्ता उघडा असतो. भगर विकणाऱ्या दुकानदाराचं बिल मंडळाने जपलं असेल तर आणखी बरं.

भेसळ म्हणून थेट पोलिसांत जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रामनाथ प्रकरणात सांगितलं, की असुरक्षित अन्नाबाबत २००६ च्या कायद्याचं कलम ५९ हे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या भेसळीच्या कलमांवर मात करतं. निष्काळजीपणाने मृत्यू ही बाब वेगळी, तिथे पोलिसांकडे जायलाच हवं.

‘तक्रार नाही’ लिहून देण्याआधी

हॉटेलवाला बिल माफ करतो, दवाखान्याचा खर्च देतो आणि सही मागतो. घाई करू नका. बहुतेक जण दोन-तीन दिवसांत पूर्ण बरे होतात, पण ई. कोलायनंतर लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. रक्ताचे जुलाब, लघवी कमी होणं, चेहरा पांढरा पडणं दिसलं तर तातडीने रुग्णालय. कॅम्पिलोबॅक्टरच्या संसर्गानंतर काही आठवड्यांतही गिलन-बारे (हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) होऊ शकतो. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरातल्या साथीत काही रुग्णांच्या नमुन्यांत हाच जंतू सापडला होता. गरोदरपणात लिस्टेरिया हा जंतू बाळाच्या जिवावर बेततो. पैसे घेतलेच, तर पावतीवर ‘आजवरच्या उपचारखर्चापोटी’ इतकंच लिहा.

आयोगाचा निकाल लागला आणि समोरचा अपिलात गेला, तर त्याला ४५ दिवसांत आणि आदेशातली निम्मी रक्कम भरूनच जाता येतं. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच आयोगात कलम ७२ खाली अर्ज करा. त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड आहे.